ठमाबाईसाहेबांचे नाक आणि हेडक्लार्कांचा गुडघा: एका मोहिमेची हकिगत

वाचक हुजुरांचे सेवेसी, लेखणी नवी, शाई निळी, परंतु निष्ठा पक्की, ऐशा सेविकेची विज्ञापना ऐसी जे, आमच्या मातोश्रींनी भर जेवणात हुकूम फर्माविला की, "तीच ती गोष्ट रोज सांगून आमचे कान किटवलेस, आता एकदाची लिहून काढ आणि ताटातलं संपव." सबब आज्ञा प्रमाण मानून, आणि भूमितीची वही बाजूस सारून (या कृत्याचा जाब शाळेने मातोश्रींस पुसावा), हा मजकूर सिद्ध केला आहे. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, आणि जे पाहिले नाही तेही पाहिल्याच्याच थाटात लिहिले, कारण हकिगत लिहिणारास भिंतीपलीकडचे दिसावे लागते, आणि ज्यास दिसत नसेल त्याने लिहू नये, गणित करावे.

तर वर्तमान ऐसे. या राष्ट्रात अमली पदार्थांचा बंदोबस्त करणारे एक थोर खाते आहे, आणि त्या खात्याचे तख्त दूर राजधानीत आहे, आणि तेथील साहेबांनी मुलूख वाटून चहूकडे विभागीय ठाणी बसविली, आणि त्यांतले एक ठाणे आमच्या शहरात शिंपीणबाईंच्या दुकानावरच्या मजल्यावर येऊन वसले. ठाणे नावाने मोठे, परंतु त्याचे दार आधी थोडे उचलून मग ढकलावे लागते, आणि ही मसलत ठाऊक नसल्याने कित्येक तक्रारदार बाहेरूनच माघारी फिरले, आणि त्यामुळे तक्रारी कमी, आणि तक्रारी कमी म्हणोन ठाण्याची कीर्ती थोर. आत एक मोठी खोली, एक छोटी खोली, मागे जप्तीच्या सामानाचे कोठार, आणि वर एक पंखा, जो फिरतो कमी आणि बोलतो फार.

या ठाण्याच्या अधिपती विभागप्रमुख बाईसाहेब. चष्मा कपाळावर, फोन खांद्यात, आणि दोन्ही हातांनी तिसरेच काम, ऐशी ज्यांची ख्याती. त्यांचे उजवे हात हेडक्लार्ककाका, दफ्तराचे मालक, शिक्क्यांचे रखवालदार, आणि एका दुखऱ्या गुडघ्याचे धनी. त्या गुडघ्यास काका सकाळ, दुपार, संध्याकाळ बाम चोळीत, आणि तो बाम इतका जहाल की काका जिना चढू लागले म्हणजे वर बसलेल्या लोकांचे नाक आधी उघडे आणि मग ते चहा टाकीत. तिसरे आमचे तीर्थरूप, पदवी श्वानसरदार, बोलणे अत्यल्प. घरी "मीठ दे" म्हणावयाचे तरी मिठाकडे नुसते पाहतात. आणि चौथ्या, ज्यांच्यासाठी ही लेखणी झिजते आहे, त्या श्वानकुलभूषण, गंधपारखी, तपकिरी कानांच्या श्रीमती ठमाबाईसाहेब, ज्यांस घरी ठमी म्हणतात, आणि ज्या दिवसा सरकारच्या आणि संध्याकाळनंतर आमच्या असतात.

ठमाबाईंचे कर्तब ऐसे की, अमली माल जेथे असेल तेथे जावे, हुंगावे, आणि मालासमोर स्वस्थ बसावे. भुंकू नये, ओरबाडू नये, फक्त बसावे. मग सरदारांनी खिशातून लाल चेंडू काढून द्यावा. ठमाबाई या चेंडूसाठी राज्य सोडतील. हे कर्तब बोथट होऊ नये म्हणोन ठाण्यात रोज सराव चाले. खात्याकडून एक पुडी आली होती, पुडीत कापूस, आणि कापूस अमली मालाच्या वासात मुरविलेला; ती पुडी कोणी एकाने खोलीत कोठेतरी दडवावी आणि ठमाबाईंनी हुडकावी. आता दडवावी कोणी? बाईसाहेब फोनवर, सरदारांस दडविण्याची परवानगी नाही (जागा ठाऊक असली की नजर तिकडे जाते). मग उरले काका. ठाणे वसले त्या दिवसापासून पुडी काकांनीच दडविली, आणि ठमाबाईंनी ती एकदाही चुकविली नाही. कपाटात दडवा, कुंडीत दडवा, टाइपरायटरच्या पोटात दडवा, काका पाठ फिरवीत नाहीत तोच ठमाबाई तेथे हजर, आणि चेंडू तोंडात. बाईसाहेब दरमहा राजधानीस लिहून पाठवीत की, सरावात श्वानाचे यश निखळ, चूक नाही.

परंतु मोहिमांवर मात्र नवल घडे. बसच्या तळावर जावे, मालधक्क्यावर जावे, बॅगांच्या रांगा लावाव्या, ठमाबाईंनी डौलात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावे, आणि कोठेही बसू नये. एक मोहीम, दुसरी मोहीम, वर्षे लोटली, कोठे म्हणोन बसल्या नाहीत. यावर ठाण्यात विचार जाहला, आणि विचाराअंती निष्कर्ष निघाला की, श्वान अचूक आहे हे सरावाने सिद्ध, आणि श्वानास माल सापडत नाही हे मोहिमेने सिद्ध, त्याअर्थी या विभागात माल नाही. हा निष्कर्ष राजधानीस इतका रुचला की त्यांनी ठाण्यास 'निर्मळ विभाग' अशी अक्षरे कोरलेली एक पितळी ढाल बहाल केली, आणि बाईसाहेबांनी ती अशा जागी टांगली की दारातून येणाऱ्यास आधी ती आणि मग माणसे दृष्टीस पडावी.

परंतु ढालीचे तेज ठाण्यास फार दिवस मानवले नाही. राजधानीतून खलिता आला. मजकूर ऐसा जे, विभाग निर्मळ असेल तर तेथे श्वान काय करितो, आणि श्वानास काही सापडत नसेल तर श्वान खरोखर श्वान आहे काय. सबब परीक्षकसाहेब खासा येतील, पुडी आपल्या हाते दडवतील, आणि श्वान नापास जाहल्यास त्याच गाडीने, पिंजऱ्यात घालून, राजधानीच्या श्वानशाळेत जमा करतील. ही बातमी सरदारांनी घरी आणली ती तोंडाने नव्हे. ते आले, ठमीच्या वाडग्यापाशी भुईवर बसले, आणि वाडगा रिकामा होईतो उठले नाहीत. मातोश्रींनी खलिता त्यांच्या खिशातून काढून वाचला आणि म्हणाल्या, "घेऊन जातील म्हणजे? आपली ठमी?" सरदारांनी मिठाकडे पाहावे तैसे मातोश्रींकडे पाहिले, आणि त्या रात्री घरात कोणी जेवण नीट जेविले नाही.

तथापि ठाण्यात धीर होता. काका म्हणाले, "अहो, ती काय नापास होतेय? माझ्या हातची पुडी डोळे मिटून काढते." आणि ते बोलणे किती खरे होते हे त्यांस ठाऊक नव्हते.

येथे सरदारांच्या कन्येचा प्रवेश होतो. ही कन्या इयत्ता नववीत, दोन वेण्या, एक सायकल, आणि बुद्धी... परंतु हे वर्णन सदर लेखिकेने स्वतः करणे शोभत नाही, सबब थोडक्यात आटोपते: असामान्य. शाळा सुटल्यावर ती ठाण्यात ठमीस न्यावयास आली, तो काका कागद घेऊन कचेरीबाहेर गेलेले, सराव राहिलेला, आणि बाईसाहेब फोन खांद्यात धरूनच म्हणाल्या, "ए पोरी, रिकामी आहेस ना? दडव ती पुडी कुठेतरी." कन्येने पुडी खिडकीच्या पडद्यामागे दडविली. सरदारांसंगे ठमाबाई आल्या. पडद्यावरून गेल्या, कपाटावरून गेल्या, कन्येवरून तर मोठ्या प्रेमाने गेल्या, आणि थेट काकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन, मान ताठ करून, बसल्या.

कन्या आधी खो खो हसली, आणि मग हसता हसता थांबली. तिने काकांचा खुंटीवरचा स्वेटर उचलून कोठाराच्या कडीस अडकविला. ठमाबाई स्वेटरासमोर बसल्या. तिने काकांची बामाची बाटली फायलींमागे ठेविली. ठमाबाई फायलींसमोर बसल्या आणि चेंडूसाठी सरदारांकडे पाहू लागल्या. पडद्यामागची पुडी तशीच पडून होती आणि तिच्याकडे कुत्रेदेखील पाहत नव्हते, हे अक्षरशः.

"बाबा," कन्या म्हणाली, "ठमीला माल नाही शोधता येत. ठमीला हेडक्लार्ककाका शोधता येतात."

हे वाक्य खोलीत पडले आणि पंखासुद्धा क्षणभर गप्प जाहला. पुडीस नेहमी काकांचा हात, हातास नेहमी बाम, आणि बाम सापडला की चेंडू. मग ठमाबाईंनी आणखी काय शिकावे? इतकी वर्षे राष्ट्राने एका श्वानास वेतन, निवास आणि आरोग्यसेवा पुरवून एका हेडक्लार्कावर पाळत ठेविली होती.

इतक्यात काका परत आले, आणि ठमाबाई उठून त्यांच्यासमोर बसल्या. काकांस सर्व मजकूर निवेदन जाहला. काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "रोज सकाळी माझ्यासमोर येऊन बसायची. मला वाटायचं, माया आहे."

बाईसाहेब म्हणाल्या, "माया कसली काका, बाम आहे तो."

मग छोट्या खोलीत मसलत बसली. बाईसाहेबांनी प्रथम तजवीज मांडली ती ऐसी की, परीक्षेच्या दिवशी काकांनी परीक्षकसाहेबांस चहा द्यावा, तोच हात त्यांच्या पुडीस सहज लागू द्यावा, ठमाबाई बसतील, साहेब जातील, ढाल जागेवर राहील. काका म्हणाले की त्यांची ना नाही. मग सर्वांच्या नजरा सरदारांकडे वळल्या, आणि सरदारांनी, ज्यांचे वर्षाचे बोलणे एका पोस्टकार्डावर मावावे, तोंड उघडले.

"बाई, त्या दिवशी निभेल. पण पुढे खरी बॅग समोर आली तर? ती काकांनाच धरणार. मी नाही तिला खोटं खेळवणार."

बाईसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ही त्यांची संकटसमयीची खूण, आणि फर्माविले की, काकांनी आजपासून बाम वर्ज्य करावा, पुडी काका सोडून तमाम दुनियेने दडवावी, आणि चेंडू फक्त पुडीवर मिळावा. काकांनी बाटली बाईसाहेबांच्या स्वाधीन केली. तलवार ठेवणाऱ्या सेनापतीचा चेहरा आम्ही पाहिला नाही, परंतु तो फार वेगळा नसावा. त्या दिवसापासून काका जिना चढताना कठड्यास धरून थांबत आणि "काही नाही, काही नाही" म्हणत, आणि बाईसाहेब त्यांच्या फायली स्वतः खाली नेऊ लागल्या, ही गोष्ट ठाण्याच्या इतिहासात अपूर्व होय.

मग सरावाचे रण माजले. पुडी बाईसाहेबांनी दडविली, कन्येने दडविली, पोस्टमनने दडविली, खालच्या शिंपीणबाईंनी तोंडात टाचण्या धरून दडविली. ठमाबाई प्रत्येक वेळी काकांच्या खुर्चीसमोर बसत, चेंडू मिळत नसे, आणि मग त्या सरदारांकडे असे पाहत की जणू सरकारने करार मोडला. पुढे रुसल्या, छोट्या खोलीतल्या सोफ्याखाली जाऊन पाठ करून बसल्या. सरदार भुईवर पालथे पडून सोफ्याखाली बोलत, आणि तेथे मात्र त्यांच्या वाचेस खंड नव्हता: "ठमे, ऐक ना. माझं चुकलं. तुझं नाही. पुन्हा करू." आम्ही दाराआडून ऐकिले. घरी आमची भूमिती चुकते तेव्हा हा स्वर कोठे जातो, याचा तपास चालू आहे.

आणि एके दिवशी शिंपीणबाईंनी पुडी गादीच्या खोळीत दडविली असता ठमाबाई काकांच्या खुर्चीकडे निघाल्या, अर्ध्या वाटेत थबकल्या, नाक वळविले, मग मान वळविली, मग सर्व ठमी वळली, आणि खोळीसमोर जाऊन बसली. चेंडू मिळाला. काकांनी टाळ्या वाजविल्या आणि गुडघा विसरून उठू गेले आणि परत बसले. त्यानंतर कधी बसत, कधी चुकत. पक्के म्हणावे ऐसे काही नव्हते, तो परीक्षेचा दिवस उजाडला.

परीक्षकसाहेब आले. सोबत गाडी, गाडीत पिंजरा, पिंजऱ्यास भक्कम कुलूप. साहेब दारास ढकलीत राहिले, दार उचलावे लागते हे सांगण्याचे भान कोणास राहिले नाही, आणि शेवटी ते आत आले ते रागावूनच. त्यांनी फर्माविले की, रांगेत मांडावयास बॅगा आणा. ठाण्यात बॅगांचा काय तोटा? कोठारात पुष्कळ पडल्या होत्या. पूर्वीच्या मोहिमांत संशयावरून आणलेल्या, ठमाबाईंनी हुंगून निर्दोष ठरविलेल्या, ज्यांच्या मालकांस "आपली बॅग निर्दोष आहे, घेऊन जावी" अशी नम्र पत्रे धाडूनही ते आजतागायत फिरकले नव्हते. निर्दोष बॅगेचा मालक का फिरकत नाही, हा प्रश्न निर्मळ विभागात कोणास पडला नव्हता. त्यांतल्या काही आणून रांगेत मांडिल्या. साहेबांनी सर्वांस बाहेर घालविले, आपली पुडी निळ्या बॅगेत ठेविली, आणि मग सर्वांस आत घेतले.

शाळेपुरते त्या दिवशी कन्येचे पोट दुखत होते, सबब ती कोपऱ्यात हजर होती.

सरदारांनी पट्टा सोडिला. ठमाबाई निघाल्या. काका मागील भिंतीस चिकटून, बामाविना उभे. ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पहिली बॅग गेली, दुसरी गेली, आणि मग कातडी पट्ट्यांची, कोपरे झिजलेली एक तपकिरी बॅग आली, आणि तिच्यासमोर ठमाबाई थबकल्या, परत फिरल्या, तिचा काठ हुंगला, आणि बसल्या.

निळी बॅग पुढे होती.

साहेबांनी लेखणी काढिली आणि कागदावर दोन अक्षरी काही न लिहिता तीन अक्षरी लिहिले, आणि ते तीन अक्षरी काय ते सर्वांस उलटे बघूनही वाचता आले. नापास. त्यांनी खिडकीतून चालकास खूण केली आणि खाली पिंजऱ्याचे दार वाजले.

सरदार ठमाबाईंपाशी गेले. पट्टा लावावयास वाकले, आणि न लावताच उभे राहिले.

"साहेब, ती उठत नाहीये."

"मग उठवा तिला."

"उठवतो. पण आधी ती बॅग उघडा."

"रिकामी आहे ती. मी स्वतः पाहिलीय."

"अस्तर उसवा, साहेब."

"अहो, तुमची कुत्री चुकली. झालं. होतं असं."

"पूर्वीसारखी चुकली असती तर काकांसमोर बसली असती," सरदार म्हणाले. "ती तिथे गेली नाही. ती इथे बसलीय. मी तिला सांगितलंय की खरं असेल तिथेच बस. आता ती बसल्यावर मी उठ कसं म्हणू?"

साहेबांस यातले अक्षर कळले नाही. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिले, कारण ठाण्यातला माल उसवावयाचा तर हुकूम ठाणे-अधिपतींचा लागतो. आणि येथे बाईसाहेबांवर जो प्रसंग आला तो लिहिताना लेखणी अदबीने चालते. अस्तर रिकामे निघाले तर ठाण्याची नाचक्की. आणि भरलेले निघाले तर? तर ती बॅग निर्दोष म्हणोन ज्यांच्या सहीने कोठारात गेली त्या बाईसाहेबच, आणि मग विभाग निर्मळ कैसा, आणि ढाल भिंतीवर कैसी? बाईसाहेबांनी ढालीकडे पाहिले. मग ठमीकडे पाहिले, जी चेंडूची वाट पाहत मान ताठ करून बसली होती. मग फोन वाजला, आणि बाईसाहेबांनी तो कापला. हे आम्ही पाहिले नसते तर लिहिले नसते.

"काका," त्या म्हणाल्या, "शिंपीणबाईंना वर बोलवा. कात्री घेऊन."

शिंपीणबाई आल्या, दार एका हाताने उचलून ढकलले, बॅगेसमोर बसल्या आणि टाचण्यांतून म्हणाल्या, "नुसतं उसवायचं की नवीन घालायचं?" नुसते उसवावयाचे, असा हुकूम जाहला. कात्री चालली. अस्तर सुटले. त्याखाली चपट्या, चिकटपट्टीत गुंडाळलेल्या पुड्या, एकीला एक लागून, तळभर. साहेबांनी एक उचलून हुंगली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वासाची खात्री सर्वांस पटली. शिंपीणबाई म्हणाल्या, "शी. टाके किती घाणेरडे घातलेत."

सरदारांनी चेंडू दिला. मग ठमाबाईंनी तो थोडा वेळ चावून परत केला, उठल्या, आणि उरलेले काम उरकावे तैसे निळ्या बॅगेसमोरही जाऊन बसल्या. साहेबांनी तीन अक्षरांतले पहिले अक्षर खोडिले.

मग हाच न्याय कोठारास लाविला. ठमाबाई आत शिरल्या आणि बसल्या. उठल्या, दोन पावलांवर पुन्हा बसल्या. सरदारांचा खिसा आणि ठमाबाईंचे तोंड यांमध्ये चेंडूच्या खेपा सुरू जाहल्या. दुपार कलेपर्यंत प्रकार उघड जाहला तो ऐसा की, विभाग खरोखरच निर्मळ होता, कारण विभागातला बहुतेक माल खात्याच्याच कोठारात सुखरूप होता.

साहेबांनी राजधानीस फोन लाविला. बाईसाहेब नाकावर चष्मा घेऊन शिक्षेची वाट पाहत उभ्या राहिल्या. परंतु तख्ताची मसलत सामान्य जनांस कळत नाही. तेथून फर्मान सुटले की, ही या वर्षातील अतिभव्य जप्ती असून, विभागीय ठाण्याने माल दीर्घकाळ नजरेखाली ठेवून, योग्य समयी, पूर्वनियोजित छापा घातला, असे वर्तमान प्रसिद्ध करावे. ढाल टपालाने परत करावी. आणि तमाम विभागीय ठाण्यांनी आपापले श्वान पुडीसमोर बसतात की हेडक्लार्कासमोर, याची गुपचूप खात्री करून घ्यावी. या शेवटल्या कलमावरून, ऐकिवात आहे की, राष्ट्राच्या चारही दिशांस हेडक्लार्क मोठे अस्वस्थ आहेत.

बाईसाहेबांनी ढाल स्वतः उतरविली. भिंतीवर तिच्या जागी एक स्वच्छ गोल उरला. मग त्यांनी बामाची बाटली टेबलाच्या खणातून काढून काकांपुढे ठेविली आणि म्हणाल्या, "लावा. पण खाली जाऊन लावा."

संध्याकाळी जप्तीचा माल राजधानीस रवाना करावयाचा तर नियम ऐसा की माल कुलपाखाली जावा, आणि कुलूप लागेल ऐसी जागा साहेबांच्या गाडीत एकच होती. मग तपकिरी बॅग आणि तिच्या भगिनी पिंजऱ्यात बसविल्या, दार लाविले, कुलूप घातले, आणि चालक म्हणाला, "कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं ठेवलं होतं आत. ते काढू का?" सरदारांनी ते भांडे हात घालून स्वतः काढिले. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी जाहली. सरदार जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आपले तोंड ठमीच्या मानेत खुपसले ते बराच काळ तेथेच ठेविले. ते रडत नव्हते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच येथे नोंद घेतली आहे.

येणेप्रमाणे ठमाबाईसाहेबांची मोहीम फत्ते जाहली. ठाणे राखिले, परीक्षक जिंकिले, काकांचा गुडघा रणात जायबंदी, बाकी कोणी जखमी नाही. ठमाबाईसाहेब आपल्या नाकानिशी पूर्ववत सेवेत कायम, आणि संध्याकाळनंतर आमच्या. मुक्काम ठाण्याचा जिना. ठमीच्या पाण्याचे भांडे मधोमध असल्याने येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओलांडून जावे, हा हुकूम.